कावळ्याला दिलेला रविवार

आमच्या बिल्डिंगीत बातमी अशी, की सुनंदावहिनी दर रविवारी नवऱ्याचा बोका पाठीवरच्या बॅगेत कोंबून जूचंद्रच्या डोंगरावर सोडून येतात आणि तो मेला त्यांच्या आधी घरी पोचतो. यातलं डोंगर, बॅग आणि बोका एवढंच खरं. सोडायला नव्हे, फिरवायला नेत. परतही त्याच आणत, गुडघा धरून, शिव्या घालत.

शिव्यांचं नवल नाही. वहिनींचे यजमान आत्मारामभावजी होते तेव्हाही त्या या बोक्याला, खंडूला, "मिशीवाली सवत" म्हणायच्या. रविवारी हा माणूस बायकोला मासळी आणून देणार आणि स्वतः मांजर घेऊन डोंगर चढणार! बॅगेला प्लास्टिकची गोल खिडकी. तिच्यातून खंडू पालखीतल्या देवासारखा बघायचा. वर सपाट खडकावर भावजी चेन उघडत, की खंडू बाहेर येऊन थेट मांडीवर. वहिनी एकदाही गेल्या नाहीत. "मला कोण नेतंय पाठीवर?" म्हणायच्या.

मागच्या थंडीत भावजी झोपेतच गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मुलगी क्षितिजा म्हणाली, "बाबा, आईला मी सांभाळीन." कावळा ढिम्म. दिराने गावचं घर राखायचा शब्द दिला. कावळ्याने मान फिरवली. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा वहिनी पुढे झाल्या. "खंडूला दर रविवारी डोंगरावर मी नेईन. झालं?"

कावळा झपकन उतरला.

मग काय, साठीतल्या बाईने बूट घेतले. वर पोचून त्या चेन उघडत. खंडू डोकं काढून चहूकडे बघे आणि परत आत जाऊन बसे. "ते नाहीयेत रे," त्या सांगत. त्यांच्या मांडीवर तो कधीच आला नाही.

पावसाळा सरला आणि खंडू खाईना. किडन्या गेल्यात, फार हलवू नका, असं डॉक्टर म्हणाले. क्षितिजा फोनवर चिडली, "आई, पुरे आता! बाबा काय बघायला येणारेत?" वहिनींनी फोन ठेवला. दिलेला शब्द मोडला तर गेलेला माणूस मध्येच लटकून राहील, ही धास्ती लेकीला कशी सांगायची?

त्या रविवारी त्यांनी बॅगेत भावजींची शाल अंथरली. चढताना पाठीला ओझंच जाणवेना, म्हणून वळणावळणावर बॅग उतरवून खिडकीत बघत राहिल्या. वर चेन उघडली. खंडूने डोकंही काढलं नाही. शेवटी त्यांनीच हात घालून त्याला मांडीवर घेतलं. अंगात ऊब होती. ऊन कलेपर्यंत तीही गेली. खडकामागे दगडांखाली त्याला ठेवून त्या एकट्या उतरल्या.

पुढच्या रविवारी बूट घालून, तीच बॅग पाठीला लावून वहिनी जिना उतरल्या. तळमजल्यावरचा आग्नेल दारातच उभा. बॅगेच्या खिडकीतून आत बघत म्हणाला, "वहिनी, बॅग तर रिकामी! आता कुनाला फिरवता? कावळ्याचं काम झालं ना?"

वहिनींनी पट्टा खांद्यावर नीट ओढला.

"मी कावळ्याला 'दर रविवारी' म्हटलं होतं, आग्नेल. 'खंडू असेपर्यंत' नव्हतं म्हटलं."