बाबांच्या छातीतली शिट्टी थांबली तेव्हा

मंडळी, अमरावतीच्या दवाखान्यातून लिहितोय.

बाबांना जुना दमा. कालपासून छातीत शिट्टी वाजत होती. आमच्या चांदूर रेल्वेच्या मळ्यात बांधावर अडुळसा आहे. आई त्याचा काढा देत होती. दम्याच्या पंपाची, म्हणजे इनहेलरची, सवय लागते म्हणून तिनं तो कपाटात ठेवलेला.

आज सकाळी शिट्टी एकदम थांबली.

"पाह्य, काढा लागू पडला," आई म्हणाली. मलाही हायसं वाटलं. मी विचारलं, "बाबा, चहा घेता काय?"

ते म्हणाले, "ठेव." मग दम घेऊन, "थोडा." दोन शब्दही एका श्वासात निघेनात. ओठ निळसर दिसत होते.

"काहून घाबरून राहिला? आवाज तं बंद झाला ना," आई म्हणाली. मी पंप दिला, त्यांना गाडीत बसवलं आणि थेट निघालो.

ऑक्सिजन लावता लावता डॉक्टर म्हणाले, "आवाज थांबला, कारण हवाच आत जात नव्हती."

अडुळशातल्या द्रव्यावरूनच कफ पातळ करणारं औषध निघालं, हेही त्यांनीच सांगितलं. पण दम्याच्या झटक्यात आवळलेल्या श्वासनळ्या काढ्याच्या भरवशावर सोडायच्या नसतात.

तुमच्या घरी माणसाला आराम पडला हे कशावरून ठरवता? छातीच्या आवाजावरून, की त्याला बोलता येतं का यावरून?

आत्ताच आत जाऊन आलो. बाबांच्या छातीत परत शिट्टी वाजतेय, म्हणजे हवा जायला लागली. आई उशाशी बसून ती ऐकतेय. म्हणते, "वाजू दे."