महालिंगप्पा कडा उतरतात

मुरूमच्या बाजारपेठेत महालिंगप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. चाळीस वर्षं एकाच गादीवर बसून गादीला त्यांचा आकार आलाय आणि त्यांना गादीचा. हे वाक्य त्यांचंच. स्वतःची टिंगल करण्यात आज अप्पांचा हात कुणी धरणार नाही. पण ही अक्कल त्यांना त्रेसष्टाव्या वर्षी आली, तीही येडशीच्या एका कड्यावर. त्याआधी ते नुसत्या बढाया मारायचे.

बढायाही साध्यासुध्या नव्हेत. ऐन तारुण्यात नळदुर्गाचा उपळ्या बुरूज ते म्हणे एका दमात चढले होते. येडशीच्या घाटात एकदा लांडगा आडवा आला, तर हातातली पितळी परात बडवून त्यांनी त्याला पळवून लावलं होतं. घागर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला घागरीबरोबर हा लांडगाही घेऊनच जावं लागे. वर्षं सरली तशी एका लांडग्याचे तीन झाले. आतल्या खोलीत तांदूळ निवडत बसलेल्या त्यांच्या बायकोनं, शिवकांताबाईंनी, हा आकडा कधी दुरुस्त केला नाही.

मग धाराशिवच्या एका गिर्यारोहण मंडळानं साठीपुढच्या लोकांसाठी दोन दिवसांची साहस सहल काढली. पहिल्या दिवशी नळदुर्ग. दुसऱ्या दिवशी पहाटे येडशीच्या अभयारण्यात प्राणी बघायचे, मग जवळच्या एका कड्यावरून दोराला धरून उतरायचं आणि संध्याकाळी तेरचं संग्रहालय. कापडवाले हणमंतप्पा आपलं नाव देऊन आले आणि चहाच्या टपरीवर चारचौघांत म्हणाले, ही सहल तर अप्पांसाठीच काढलेली दिसते. चारचौघांत नाही म्हणायची अप्पांची छाती नव्हती. त्यांनी आपलं नाव दिलं आणि लगोलग बायकोचंही दिलं. शिवकांता कडा बघून घाबरेल, तिच्या सोबतीला कुणीतरी थांबायला लागेल, आणि नवऱ्याखेरीज थांबणार कोण, असा त्यांचा साधा विचार होता.

नळदुर्गात अप्पा उपळ्या बुरुजाच्या अकराव्या पायरीपर्यंत गेले. तिथं त्यांना इतिहास आठवला. उरलेल्या पायऱ्या बाकीचे चढत असताना त्यांनी खालूनच सगळ्यांना बुरुजाची माहिती दिली. वर गेलेल्यांना ती ऐकू आली नाही आणि खाली दुसरं कुणी उरलं नव्हतं. शिवकांताबाई मुलाचे जुने बूट घालून, पदर खोचून सगळ्यांबरोबर वर गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे अभयारण्यात सगळे दबक्या पावलांनी चालत होते. जानेवारीची थंडी होती म्हणून अप्पांनी लालभडक स्वेटर घातला होता. चिंकारा दिसला खरा, पण पाठमोरा. कारण तो दिसायला आणि अप्पांच्या खिशातल्या मोबाइलवर आरती वाजायला एकच गाठ पडली. पुढं ओल्या मातीत ठसा दिसला. अप्पांनी गुडघ्यावर बसून तो बोटानं मापला आणि बिबट्याचा असल्याचं जाहीर केलं. सहलीचे प्रमुख युवराज हे धाराशिवच्या एका शाळेत खेळाचे शिक्षक. त्यांनी अदबीनं सांगितलं की ठसा कुत्र्याचा आहे, आणि ते कुत्रं आपल्यामागूनच येतंय. अप्पांनी मागं वळून बघितलं. कुत्रं शेपूट हलवत होतं.

दहाच्या सुमाराला मंडळी कड्यावर आली. कडा साठ फुटांचा असेल, फार मोठा नाही. युवराजनी दोर बांधले, कमरेला पट्टे, डोक्याला हेल्मेटं चढवली आणि गळ्यात लोंबतं काही असेल तर ते नीट आत खोचा, नाहीतर काढून ठेवा, असं बजावलं.

आता गळ्यातलं म्हणजे अप्पांच्या बाबतीत साधी गोष्ट नव्हती. त्यांच्या वीरशैव घरात लहानपणीच गुरूच्या हातून इष्टलिंग मिळतं. ते चांदीच्या डबीत, म्हणजे करडगीत घालून, शिवदार नावाच्या दोऱ्यानं गळ्यात बांधायचं ते जन्मभरासाठी. बाईमाणसांच्याही गळ्यात ते असतं. रोज त्याची पूजा करायची, मगच अन्नाचा घास. अंगावर लिंग नसेल तर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, आणि आपलं लिंग परक्या हाती जाऊ द्यायचं नाही. अप्पांनी आयुष्यात अनेक नेम मोडले होते, पण हा एक त्यांनी आठव्या वर्षापासून पाळला होता.

शिवकांताबाईंनी सरळ युवराजना विचारलं की आमच्या गळ्यात देव आहे, काढता येत नाही, काय करू. युवराजनी सुचवलं तशी बाईंनी करडगी पोलक्याच्या आत सारली आणि वरून ओढणीसारखा एक पंचा आवळून बांधला. मग देवाचं नाव घेतलं आणि तिसऱ्या नंबरला त्या कड्यावरून खाली गेल्या. अप्पांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवताना त्यांच्या लक्षात आलं की सोबतीला थांबायची सगळी सोय आत्ताच दोरावरून खाली गेली.

त्यांची स्वतःची करडगी चांगली लिंबाएवढी होती. पोटावर ताणलेल्या शर्टात ती काही केल्या बसेना. पंचा मागावा, तर कड्यावर येऊन बायकोसारखं बांधाबांध करत बसल्यागत दिसलं असतं. मागं रांग, त्या रांगेत हणमंतप्पा. अप्पांनी आजूबाजूला बघितलं, कुणाचं लक्ष नाही असं पाहून शिवदार डोक्यावरून काढला, आणि करडगी खांद्याच्या पिशवीत कडक भाकरी नि शेंगाच्या चटणीशेजारी ठेवून पिशवी बाभळीच्या फांदीला अडकवली. पाच मिनिटांचा तर प्रश्न होता.

पट्टा बांधून ते कड्याच्या टोकाशी आले आणि खाली बघितलं. त्याच क्षणी त्यांचा गुडघा दुखू लागला. मोठ्यानं ‘आई गं’ म्हणत त्यांनी तो धरला. जुनं दुखणं आहे, ऐन वेळी दगा देतं, असं सांगत ते लंगडत मागं फिरले. चार पावलांवर त्यांचा लंगडता पाय बदलला, पण ते फक्त हणमंतप्पांना दिसलं आणि त्यांनी तेवढ्यापुरती माणुसकी दाखवली.

बाभळीपाशी आले तर पिशवी एका माकडाच्या हातात. अप्पांनी हेल्मेट उगारलं. माकडानं तिकडं लक्षही दिलं नाही. ते पिशवी घेऊन कड्यावरून सरसर उतरलं आणि वीसेक फुटांवर एक कपार पुढं आली होती, तिच्यावर जाऊन बसलं. तिथं त्यानं कडक भाकरी मोडून खाल्ली. चटणी तिखट लागली तशी चिडून पिशवी झटकली. करडगी खडकावर टणकन आपटली, घरंगळली आणि कपारीच्या सांदीत अडकून राहिली. माकड निघून गेलं. अप्पांची भाकरी गेली म्हणून मंडळी हसत होती. अप्पाही हसले. सांदीतली चांदी फक्त त्यांना दिसत होती.

तेव्हाच बोलले असते तर काम सोपं होतं, हे त्यांना आज कळतं. पण बोलायचं म्हणजे काय सांगायचं? पंचवीस जणांसमोर बांधाबांध करताना दिसायला नको म्हणून देव गळ्यातून काढला, आणि मग उतरलोही नाही? शिवाय शिवकांताबाई खालून पायवाटेनं वर येऊन पोचल्या होत्या. अप्पा गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसले, तेही नको त्या वेळी.

एक वाजता जेवणाची ताटं आली. गरम पिठलं, ज्वारीच्या भाकरी, ठेचा, कांदा. हणमंतप्पांनी अप्पांचं ताट स्वतः वाढून आणलं. अप्पा म्हणाले, भूक नाही. हणमंतप्पांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मुरूमच्या लग्नात अप्पांना शेवटच्या पंगतीला बसवतात, म्हणजे बाकीच्यांना पुरतं. त्या माणसाला भूक नाही? त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली. अप्पांनी तीही नाकारली. उन्हात घसा कोरडा पडला होता आणि पिठल्याचा वास सरळ नाकात येत होता. तरी हात पुढं जाईना. एवढ्या खोट्या माणसाच्या आत एवढी एक गोष्ट खरी निघाली, याचं त्यांनाच नवल वाटलं आणि त्याहून जास्त रडू आलं.

शिवकांताबाईंनी पाणी नाकारलेलं बघितलं. त्या आपलं ताट घेऊन शेजारी येऊन बसल्या आणि नवऱ्याच्या कॉलरवरून हळूच हात फिरवला.

“गळ्यातलं कुठं हाय?”

अप्पांनी कपारीकडं बोट केलं आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. त्यांच्या घरात भांडण कन्नडमध्ये होतं आणि समेट मराठीत. ते कन्नडची वाट बघत राहिले. बाईंनी हातातला घास ताटात ठेवला, ताट बाजूला सारलं आणि उठून युवराजकडं गेल्या. युवराजनी सगळं ऐकून घेतलं नि आपण काढून आणतो म्हणाले, पण दुसऱ्याचा हात लिंगाला लागणं बरं नव्हे हेही त्यांना समजलं.

“मलाच बांधा दोर,” शिवकांताबाई म्हणाल्या. “माझा हात काय परका न्हाय.”

अप्पांच्या मनात आलं, जाऊ द्यावं तिला. हे ते आजही लपवत नाहीत. ती एकदा उतरलीय, तिला जमतं, आणि आपल्याला गुडघा आहेच. मग त्यांचं लक्ष बायकोच्या हाताकडं गेलं. पंच्याची गाठ तिच्या हातून दोनदा सुटली.

“भ्या वाटतंय व्हय गं?” त्यांनी विचारलं.

“मघाशी बी वाटलं.”

अप्पा उठले. पंचवीस जण भाकरी हातात धरून बघत होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “सर, माझ्या गुडघ्याला काय न्हाय झालं. म्या भ्यालो व्हतो. आता बी लई भ्या वाटतंय. पण देव माझा हाय, म्याच काढला, म्याच आणतो.”

कुणी हसलं नाही. हणमंतप्पा सुद्धा नाही.

युवराजनी पट्टा बांधला, दोर दोनदा ओढून बघितला. शिवकांताबाईंनी हट्टानं आपल्याही कमरेला दोर बांधून घेतला आणि त्या कड्याच्या टोकाशी पालथ्या पडल्या, नवऱ्याच्या अगदी तोंडासमोर. खाली बघू नका, माझ्याकडं बघा, असं त्यांनी बजावलं. अप्पांनी पाठ दरीकडं केली, एक पाय मागं टाकला. पोट खडकाला लागलं. समोर हातभर अंतरावर बायकोचं तोंड, आणि त्यावर स्वच्छ ऊन. चाळीस वर्षांत एवढ्या जवळून, एवढा वेळ, एवढ्या उजेडात त्यांनी ते बघितलं नव्हतं.

तिच्या डाव्या डोळ्याची बाहुली पांढुरकी झाली होती.

“तुझ्या डोळ्याला काय झालंय?”

“मोतीबिंदू. वरीस झालं. तुमी पाय ठिवा आधी. डावा.”

अप्पांनी डावा पाय ठेवला. “मला सांगितलं न्हाईस?”

“सांगितलं व्हतं. तवा तुमी बोलत व्हता. आता उजवा.”

“आन् तसल्या डोळ्यानं ह्यो कडा उतरलीस?”

“एक हाय की धड. बघा हिकडं. सोडा दोर थोडा.”

पुढचे वीस फूट कसे गेले, हे अप्पांना सांगता येत नाही. भीती गेली नव्हती, पण तिच्याकडं बघायला सवड नव्हती. कपारीत पाय टेकले. त्यांनी सांदीतून करडगी काढली, डोळ्यांना लावली, कपाळाला लावली आणि शिवदार गळ्यात घातला. मग खडकाला कपाळ टेकून ते रडले. वरून सगळे सापडलं का, सापडलं का विचारत होते. सापडलं म्हणायला त्यांना बराच वेळ लागला, आणि रडू काही सगळं देवासाठी नव्हतं.

उरलेले चाळीस फूट त्यांनी दोरावरून सोडलेल्या पिठाच्या पोत्यासारखे पार केले आणि बुडावर उतरले. वर येऊन गार पिठलं नि चार भाकऱ्या खाल्ल्या. शिवकांताबाईही तेव्हाच जेवल्या. ठेच्याची वाटी त्या हातानं चाचपून घेत होत्या, हे अप्पांना पहिल्यांदा दिसलं. वर्षभर त्या तशाच घेत असणार.

तेरला पोचायला उशीर झाला. संग्रहालय बंद व्हायला थोडाच वेळ होता. बाकीची मंडळी भराभर पुढं गेली. अप्पा बायकोचा हात धरून कपाटाकपाटाशी थांबले आणि प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत गेले. मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या, मणी. दोन हजार वर्षांपूर्वी इथं मोठी बाजारपेठ होती, दूरदेशीचे व्यापारी यायचे. मातीच्या रांजणापाशी अप्पांच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या, कारण भांडी हा त्यांचा विषय. त्यांनी पाटीवर होतं तेवढंच वाचलं.

“पुढं?” शिवकांताबाईंनी विचारलं.

“पुढं काय लिवलेलं न्हाय,” अप्पा म्हणाले. “आता तू बोल.”

बाईंना बोलायची सवय नव्हती. मग गेल्या संक्रांतीला देवापुढचा दिवा लावताना एका ज्योतीच्या दोन कशा दिसल्या, तिथून त्यांनी सुरुवात केली. रखवालदारानं एकेका दालनातले दिवे घालवत आणले, दाराशी येऊन दोनदा खाकरला. अप्पा मध्ये एक शब्द बोलले नाहीत.