अर्धवट खुरपणी

आपली थट्टा दुसऱ्याने करण्याआधी आपणच करून मोकळं व्हावं, म्हणजे लोकांना काम उरत नाही, असं खुरपीआजीचं मत. त्यामुळे माळावरच्या गवताची ही गोष्ट गावभर पहिल्यांदा तिनेच सांगितली, आणि सांगताना स्वतःला कुठेही सूट दिली नाही.

खुरपीआजी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. चाळीस वर्षं लोकांच्या शेतांतलं गवत काढलं, त्यात ते चिकटलं. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली. तिसरीच्या मास्तरांचं नशीब चांगलं, असं ती म्हणते. पण हातात खुरपं आलं की तिच्या तोडीची बाई नव्हती. कायदा एकच: गवत मुळासकट निघालं पाहिजे. वरून कापून खालचं मूळ मातीत दडवणारी बाई सापडली, की आजी तिला परत त्याच ओळीत बसवायची. शेजारच्या गवंड्याची बायको नवी नवरी होती तेव्हा तिला अख्खी ओळ दुसऱ्यांदा काढायला लावली होती. ती गोष्ट त्या बाईने तीस वर्षं, ठेवणीतलं भांडं जपावं तशी जपली होती.

आणि नेमक्या अशा बाईच्या घरात सुनेने गवत लावायचं ठरवलं.

घरामागे, बंद पडलेल्या खडीच्या खाणीला लागून, त्यांचा तीन एकर माळ. खाली मुरूम, वर दगड. आजीच्या नवऱ्याने तिथे चार वेळा चार पिकं करून पाहिली आणि चारही वेळा बियाणंसुद्धा परत आलं नाही. सून शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर होती. सकाळी सहाची बस पकडायची, घरी परतायला अंधार. मुलगा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. नात आठ वर्षांची. त्यात कारखाना आणखी लांब हलायचा ठरला. नोकरी हवी असेल तर तिथेच खोली घेऊन राहायचं. म्हणजे सून आणि नात तिकडे, आजी इकडे, आणि मधे मोबाइल, जो आजीला कानाला कुठल्या बाजूने लावायचा ते कधी कळलं नाही.

तेवढ्यात एका इंधनाच्या कंपनीच्या लोकांनी शाळेच्या खोलीत सभा घेतली. निकामी जमिनीवर उंच वाढणारं गवत लावायचं. वर्षातून दोनदा कापायचं, त्याच्या दाबून गोळ्या करायच्या, आणि कारखान्यांच्या भट्ट्यांत कोळशाऐवजी त्या जाळायच्या. शिवाय या गवताची मुळं दीड पुरुष खोल जातात आणि हवेतला कार्बन, म्हणजे धुरातला कोळसाच म्हणा, जमिनीत नेऊन ठेवतात. तो ठेवल्याबद्दल लांबच्या कुठल्याशा कंपन्या वेगळे पैसे देतात.

“चुलीपुढे बसून जन्मभर धूर मी गिळला,” आजी सुनेला म्हणाली, “तेव्हा कुणी दमडी दिली नाही. आता गवताने गिळला तर पैसे.”

सून हसली, पण माळ नोंदवून आली. कारखान्यातून बिनपगारी रजा घेतली. मोजणी होईल त्या महिन्याच्या अखेरपर्यंत परत येते की नाही ते कळवायचं होतं. जमीन योजनेत बसली तर दहा वर्षांचा करार होता, नाहीतर खोली.

लावणी झाली तेव्हा आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे होती. परत आली ती नवा डोळा घेऊन, आणि तीन महिने वाकायचं नाही असा डॉक्टरचा हुकूम घेऊन. नव्या डोळ्याला जगातलं सगळं गवत एकदम दिसायला लागलं आणि वाकायची मात्र बंदी. एवढी शिक्षा चोरालाही देऊ नये. सून रोज जेवताना योजनेचे नियम समजावून सांगायची. आजी मान हलवायची. मान हलवायला ऐकावं लागत नाही.

तीन महिने संपले त्याच आठवड्यात माळावर चार जागी खुंट्या ठोकून, दोरी बांधून, लाल झेंडे लावले गेले. मंगळवारी मोजणी करणारी मुलगी येणार, एवढं आजीने ऐकलं. मोजणी म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिच्या लहानपणी जमीन मोजायला माणसं यायची ती साखळी घेऊन. साखळी सरळ पडावी म्हणून वाटेतलं गवत आधी काढून ठेवायचं, नाहीतर मोजणीवाला जमीनमालकाचा उद्धार करायचा. गवतच मोजायला माणूस येतो, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारायचं कुणाला? सुनेला? मग सासू कशाला झाले?

सोमवारी सून नातीच्या शाळेत गेली होती. आजी खुरपं घेऊन माळावर गेली. चारही चौकोन लख्ख करायचा बेत होता. पण हे गवत निघेना. एक ठोंब ओढला तो आला. दुसरा आला. तिसरा ओढला तर वरचं हातात आणि खालचं मूळ जमिनीत, जणू पलीकडून कुणी धरून ठेवलंय. खणून पाहिलं, वीतभर खाली गेली, मूळ संपेना. कंबर ओरडायला लागली. तेव्हा आजीने इकडे तिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. मग चाळीस वर्षं ज्या गोष्टीसाठी तिने बायकांना परत ओळीत बसवलं होतं, तीच गोष्ट केली. उरलेले ठोंब खुरप्याने वरच्यावर कापले, बुंध्यांवर माती ओढली आणि पायाने दाबून सपाट केली. एकच चौकोन झाला. बाकीचे तीन कंबरेने वाचवले.

मंगळवारी मोजणीवाली मुलगी आली. पाठीला पिशवी, हातात फळीवर लावलेला कागद. अख्खा माळ नव्हे, नमुन्याचे चौकोनच मोजायचे: चारांत मिळून लावलेले शंभर ठोंब, त्यांतले सत्तर जिवंत हवेत. पहिल्यात बावीस भरले, दुसऱ्यात वीस, तिसऱ्यात एकवीस. सून बोटांवर मोजत होती, सात कमी. चौथ्यात निम्मे जगले तरी पार. सगळ्या चौथ्यापाशी आल्या. कुंपणापलीकडून गवंड्याची बायकोही आली, तमाशा फुकट असला की ती वेळ काढते.

चौथा चौकोन नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा स्वच्छ होता.

मुलीने कागद पाहिला, जमीन पाहिली, परत कागद पाहिला. गुरं शिरली का, असं तिने विचारलं. गुरं म्हणायची सोय होती, पण गुरं दोरीच्या कडेने काटकोनात चरत नाहीत. आजीचं काम तिथे सही केल्यासारखं दिसत होतं. सुनेने सावकाश वळून सासूकडे पाहिलं. रागावली असती तर बरं. ती फक्त दमलेली दिसली, सहाच्या बसमधून उतरल्यावर दिसायची तशी.

“मी काढलं,” आजी म्हणाली. “तुमची साखळी सरळ पडावी म्हणून.”

“आजी, साखळी कसली? आम्ही गवतच मोजतो.”

मुलगी वाईट नव्हती. पण ठोंब नाही म्हणजे नाही, शून्यच लिहावं लागेल म्हणाली, आणि पेन उघडलं. आता गप्प राहिलं तर आजीची अब्रू शाबूत होती. चुकली, पण काम मात्र मुळासकट, असं गावाने म्हटलं असतं. गवंड्याची बायको समोरच उभी होती. दुसऱ्या बाजूला नातीची शाळा, सुनेची सहाची बस, आणि उलटा धरलेला मोबाइल.

“थांब गं बाई, लिहू नकोस,” आजी म्हणाली. “मुळं आहेत खाली. मला निघाली नाहीत. वरून कापली आणि माती लोटली.”

गवंड्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर तीस वर्षांचं व्याज उमटलं.

“मुळासकट ना, मावशी?” ती गोड आवाजात म्हणाली.

“तू उभी राहून बघू नकोस,” आजी म्हणाली. “बस खाली. कुठे कुठे दडवलंय ते शोधायला तुझ्याएवढं तयार कोण आहे?”

आणि ती खरंच बसली. दोघींनी मिळून बोटांनी माती सारली. कापलेले चौदा बुंधे निघाले. नवा डोळा असूनही आजीला त्यांतले पाच सापडले, नऊ त्या बाईला. मुलीने एकेक नखाने खरवडून पाहिला. आत ओलसर, फिकट हिरवं होतं. नियमाच्या कागदाचं शेवटचं पान काढून तिने वाचून दाखवलं: बुंध्याला पुन्हा फूट आली तर ठोंब जिवंत धरता येतो, फेरमोजणी एकदाच, पंधरा दिवसांनी. महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी.

ते पंधरा दिवस आजीने डबड्याने पाणी घालण्यात घालवले. चौकोनाच्या कडेला बसून ती बुंध्यांशी बोलायची. आयुष्यभर तुमच्या जातीचा निर्वंश करायला निघाले होते, तुम्ही मोठ्या मनाने माफ करा, असं. नात म्हणाली, आजी, गवताला ऐकू येत नाही. आजी म्हणाली, मलाही येत नाही, पण तुझी आई बोलतेच ना. चौकोनात खरंखुरं तण उगवलं तेव्हा मात्र तिने हात मागे बांधले आणि सुनेला हाक मारली. कुठलं ठेवायचं नि कुठलं काढायचं, हे तिने जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याला विचारलं.

सहाव्या दिवशी पहिली हिरवी सुई दिसली. पंधराव्या दिवशी मोजणीवाली मुलगी गुडघ्यांवर बसली. सून मोठ्याने मोजत होती. सातला आवाज कापला. आठला तो बंदच पडला, कारण पुढे काही नव्हतं. त्रेसष्ट आणि आठ, एकाहत्तर.

सुनेने तिथेच, मुरमात बसून, कारखान्यात फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं. मग ती उठली आणि सासूच्या हातातलं डबडं काढून घेतलं, कारण ते अजून घट्ट धरलेलं होतं.

कागदावर शेऱ्याची जागा होती. मुलीने तिथे काय लिहिलं ते आजीने नातीकडून वाचून घेतलं. नात अडखळत वाचत गेली: चौथ्या चौकोनात चुकून खुरपणी झाली. खुरपणी अर्धवट असल्याने मुळं शिल्लक राहिली, त्यामुळे क्षेत्र पात्र.

चाळीस वर्षांत आजीच्या कामाबद्दल कुणी कागदावर काही लिहिलं नव्हतं. तिने नातीला ते परत एकदा वाचायला लावलं, जरा मोठ्याने, कुंपणापलीकडे ऐकू जाईल असं.