दसऱ्याला डिस्क पाटावर होत्या

भूत, करणी, अंगात येणं यातलं मी कधीच काही मानलं नाही, आजही मानत नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. कॉम्प्युटर, तेही यवतमाळला खोली करून, हातानं स्वयंपाक करून. तेव्हा खालचं वाचून मला कोणी भोळा समजू नये...

दिग्रसला बसस्टँडजवळ सलीमभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. कापसानं आमच्या सगळ्या भागाला रडवलं, ते दिवस. लग्नाच्या ऑर्डरी घटल्या होत्या आणि एक वेगळंच काम वाढलं होतं. घरातला माणूस गेला की लोक यायचे आणि कुठल्यातरी लग्नाच्या घोळक्यातून त्याचा चेहरा कापून, फ्रेमसाठी मोठा करून न्यायचे. म्हणूनच आमच्याकडे कितीतरी घरांत भिंतीवरचा माणूस फेट्यात दिसतो. "जुनं लग्न एकही पुसायचं नाही," हा सलीमभाईंचा नियम.

कॉम्प्युटरमधली जागा भरली तेव्हा मीच त्यांना नेटवर्क स्टोरेजचा डबा बसवून दिला. आत दोन हार्ड डिस्क, दोन्हींवर तेच फोटो, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी शाबूत. डब्यापासून काउंटरवरच्या कॉम्प्युटरपर्यंत वायर टाकली. तेव्हापासून सगळे फोटो डब्यात, कॉम्प्युटरमध्ये एकही नाही. धूळ काढणं, डिस्क तपासणं हेही माझ्याकडेच.

दसऱ्याला अवजारांची पूजा असते. माझं अवजार हेच! सकाळी आतल्या खोलीत जाऊन डबा बंद केला, वायरी काढल्या आणि दोन्ही डिस्क बाहेर काढून पाटावर मांडल्या. नुसत्या पत्र्याला कुंकू लावून काय उपयोग, काम तर डिस्क करतात... हे सलीमभाईंना सांगायचं मात्र राहून गेलं.

"इंजिनियर साहेब," ते बाहेरूनच ओरडले, "माह्या कॅमेऱ्याच्या लेन्सले कुंकू लावू नोको बाप्पा! मागच्या साली नवरीचं नाक लाल आलतं."

"तिले सर्दी होती, सलीमभाई!"

तेवढ्यात बाहेर एका बाईचा आवाज आला. मध्ये नुसता पडदा, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. ती महागावहून आली होती.

"भाऊ, माह्या लग्नाचे फोटो तुम्हीच काढलते. माहा दादा गेला... उद्या तेरवी हाय. घरात त्याचा एकबी फोटो नाही."

"लग्नाच्या अल्बमात असन ना, ताई?"

"अल्बमात कायचा! लग्नभर तो पंगतीत वाढून राह्यलता. पण पाठवणीच्या वक्ती तुम्ही म्हणलं, ‘ओ साळेसाहेब, रडून झालं असन तं इकडं पाहा.’ आन एक काढला. मले पक्कं याद हाय."

सलीमभाईंच्या माउसची टिकटिक ऐकू आली. डबा बंद आहे, थोडं थांबा, असं सांगायला मी उठलो... आणि प्रिंटर चालू झाल्याचा आवाज आला.

बाहेर आलो. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर फेटा बांधलेला तरुण. डोळे लाल, पण हसतोय. बाईनं छापलेला फोटो दोन्ही हातांनी कडांना धरला होता. "हाच... हाच माहा दादा."

"सलीमभाई, कुठून काढला?"

"कुठून म्हणजे? तुह्या डब्यातून. आज तं लगेच उघडला बे!"

मी परत आत गेलो. डबा उघडा, वायर लोंबकळत होती, दोन्ही डिस्क पाटावर, वर झेंडूची फुलं. डब्याला हात लावून पाहिला, थंड. बाहेर येऊन माउस हातात घेतला, तिच्याच लग्नाचा पुढचा फोटो दाबला. नाही उघडला. मागचा दाबला, नाही. स्टोरेज सापडत नाही असं लिहून आलं. ते तर बरोबरच होतं!

माझं तोंड पाहून ती घाबरली. "काही चुकलं का, दादा?"

तिनं मला दादा म्हटलं आणि मी माउस सोडला. "काही नाही ताई. काच जाड लावून देतो, तेवढा वेळ बसा."

ती बसमध्ये बसल्यावर मी कॉम्प्युटर पिंजून काढला. लहान झलक राहिली असेल म्हणावं, तर एवढ्या मोठ्या प्रिंटवर चौकोन चौकोन दिसले असते. या फोटोत फेट्याचा धागा न् धागा दिसत होता. आणि कॉम्प्युटर लोडशेडिंगनंतर नुकताच चालू केलेला, म्हणजे त्याच्या मेमरीत आधीचं काही उरलेलं नसणार. एखादी सीडी होती का, असं विचारलं तर सलीमभाई म्हणाले, "सीडी असती तं तुहा डबा कायले घेतला असता?"

दुसऱ्या दिवशी डिस्क बसवल्या. फोटो जागेवर होता, बाकीच्या फोटोंसारखाच. त्यानंतर मी मुद्दाम डिस्क काढून पाहिलं, एकदा नाही, अनेकदा. काहीच उघडत नाही. स्टोरेजचं काम करणाऱ्या वाचकांनी समजावून सांगितलं तर मी ऐकायला तयार आहे. माझ्या शिक्षणात तरी याचं उत्तर मिळालं नाही.

सलीमभाईंना उत्तर नकोच होतं. पुढच्या दसऱ्याला मी पाना घेऊन गेलो तर ते डब्यासमोर आडवे उभे.

"खोलायचं नाही. पूजा बाहेरूनच कर."

"काहून?"

"कोणाच्या घरी उद्या तेरवी हाय, आपल्याले का माहीत? दर वेळी बंद डबा थोडीच चालणार हाय!"

मी पत्र्यालाच कुंकू लावलं.