घरगाडीचा काटा

आमच्या घरगाडीच्या डिझेलचा काटा एका सकाळी अर्ध्यावर येऊन थांबला आणि पुन्हा हलला नाही. टाकी भरली तरी अर्धी, संपत आली तरी अर्धी. हौसेने गाडी फिरवणाऱ्या माणसाने असा काटा चालवून घेतला असता. आमची गाडी हौसेची नव्हती.

माझ्या नवऱ्याच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. जवळच्या केंद्रात जागा मिळाली नाही, नाशिकला मिळाली. आमचं घर पोशेऱ्याच्या बाजूला, डोंगरातल्या पाड्यावर. सुरुवातीला आम्ही मोखाड्यापर्यंत जीप आणि पुढे एसटी असं जायचो. जाताना निभायचं. येताना त्यांच्या पायात गोळे यायचे, प्रेशर खाली जायचं, बसवत नसे. एकदा जीपमध्ये शेजारच्या बाईच्या मांडीवर बाजारातून आणलेला कोंबडा होता, त्याच्या अंगावर त्यांना उलटी झाली. बाईने पदराने कोंबडा पुसला. त्या दिवशी घरी आल्यावर ते पहिल्यांदा म्हणाले, बास करू या आता.

मी आश्रमशाळेच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. सकाळी उठल्यावर यादी करायची आणि संध्याकाळपर्यंत ती खोडत न्यायची, ही माझी सवय. 'बास' या शब्दासमोरही मी यादीच केली. जीप नको, तर स्वतःची गाडी. बसवत नाही, तर आत पलंग. मळमळतं, तर उशाशी बेसिन. मग एक जुनी मिनीबस घेतली, सीट काढून टाकल्या, पलंग, पाण्याची टाकी, छोटी शेगडी आणि पडद्यामागे कमोड बसवून घेतला. डाव्या हाताला डायलिसिसच्या सुयांसाठी शीर जोडून केलेला फिस्टुला असल्याने त्या हाताने त्यांना जोर लावायचा नव्हता, म्हणून गाडी चालवायला मी शिकले. ते जन्मभर बस डेपोत मेकॅनिक होते. मला शिकवताना त्यांनी इतक्या शिव्या घातल्या की आजारी माणसात एवढी ताकद कुठून येते, असं मला वाटायचं.

काटा अडकल्यावर ते म्हणाले, "घे. हिचीपण किडनी गेली."

मी म्हटलं, दर फेरीला मोखाड्याच्या पंपावर टाकी पूर्ण भरू, प्रश्न मिटला. काही आठवडे तसं चाललं. मग एक दिवस पंपावर डिझेलच नव्हतं. टँकर आला नव्हता. मी अंदाजाने गाडी पुढे काढली. पोचलो, पण ते सगळ्या वाटेत पलंगावर आडवे झाले नाहीत. माझ्या सीटची पाठ धरून बसून राहिले आणि त्या मेलेल्या काट्याकडे बघत होते. मशीनवर घेतलं तेव्हा त्यांचा श्वास लागला होता.

परत आल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, "घाटात अडकून, लोकांनी खिडकीतून बघताना मला मरायचं नाही. काटा चालू झाला तर येईन. नाही तर घरी बरा आहे."

सलग फेऱ्या चुकल्या तर काय होतं ते डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. अंगात पाणी साठतं, मग ते छातीत येतं. त्यामुळे ते काय बोलत होते ते मला कळलं. तरी मला हायसं वाटलं, कारण त्यांनी अट घातली होती आणि अटीत काम होतं.

टाकीच्या आत डिझेलवर तरंगणारा फ्लोट असतो, त्याच्या दांडीवरून काट्याला कळतं. आमचा फ्लोट भोक पडून जड झाला आणि दांडी मधेच अडकून बसली असणार, असं त्यांचं म्हणणं. जव्हारच्या दुकानात मिळाला नाही. नाशिकला, ते मशीनवर असताना, मी पार्टच्या दुकानांतून फिरले आणि जवळपास जुळणारा एक मिळवला. अगदी आमच्या गाडीचा नव्हता. ते म्हणाले, चालवू.

काम आमच्या अंगणात केलं. अंगण म्हणजे रस्त्याच्या खाली उतरत गेलेली पट्टी. आमच्याकडे सगळेच गाडी उताराला तोंड करून लावतात. बॅटरी बसली, स्टार्टरने दगा दिला, तर गिअर टाकून सोडून द्यायची, चालू होते. जीपवाले तर बाजारातही आधी उतार शोधतात आणि मग सावली. आम्हीही गाडी तशीच लावली, चाकांना दगड दिले.

टाकीचं झाकण नेमकं पलंगाखाली आलं होतं. गादी काढली, प्लायला चौकोन कापला. माझे दीर मदतीला आले होते. शेजारीच त्यांचं भाताचं आणि नाचणीचं शेत. त्यांनी टाकी कॅनमध्ये उपसून घेतली. ह्यांनी बॅटरीची वायर आधी सोडायला लावली, मग झाकणाभोवतीची माती पुसायला लावली, मग एकेक बोल्ट. गंजलेले होते. मी खाली वाकून पाना धरलेला आणि हे वर स्टुलावर बसून.

"अगं, उलटा. उलटा फिरव. भाताच्या पातेल्याचं झाकण आहे का ते?"

दीर हसले. "दादा, वहिनीला नोकरीवर ठेवलं असतं तुम्ही डेपोत?"

"झाडायला ठेवलं असतं," हे म्हणाले. "यादी करून झाडलं असतं तिने."

जुना फ्लोट वर आला तेव्हा तो खरंच डिझेलने भरलेला होता. कानाशी हलवला की आत डिझेल डुचमळायचं. नवीन खाली सोडला. झाकणाखाली बसणारं गॅसकेट जुळेना, म्हणून ट्यूबचं रबर कापून केलं. नव्या दांडीची लांबी निराळी, त्यामुळे डॅशवरच्या खुणा उपयोगाच्या नव्हत्या. ह्यांनी स्वतः मोजायचं ठरवलं. दीर एकेक कॅन ओतायचे, हे पुढच्या सीटवर बसून काचेवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारायचे. एक कॅन, एक रेघ. पहिल्या कॅनला काटा जेमतेम हलला, पुढे चढत गेला. रेघा अगदी सरळ आल्या. त्या दिवशी ते नाचणीची भाकरी अख्खी जेवले आणि संध्याकाळी पाड्यावरच्या दोघांना बोलावून काटा दाखवला. पुढच्या फेरीला मी सांगायच्या आधी गाडीत जाऊन बसले होते.

एकच खोड राहिली. रबराचं गॅसकेट वरून पाझरायचं. टाकी काठोकाठ भरली की पलंगाखालून डिझेलचा वास यायचा आणि त्यांना वासाने मळमळायचं. मग ठरलं, टाकी भरायची नाही. थोडं थोडं घालायचं. आता काटा होताच.

पावसाळ्याच्या शेवटी अंगणात चिखल झाला. चाकं रुततील म्हणून एका रात्री गाडी वर डांबरी रस्त्याच्या कडेला ठेवली. सकाळी निघताना मी काटा बघितला. दोन कॅनच्या रेघेवर होता. उशीर झाला होता, मोखाड्याच्या पंपावर रांग होती. दोन कॅनमध्ये त्र्यंबकपर्यंत आरामात जाऊ, तिथे भरू, असं मी म्हटलं. त्यांनी उशीवरून मान वर करून काटा बघितला आणि म्हणाले, चल.

त्र्यंबकच्या अलीकडच्या घाटात, चढावर, गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. मी ब्रेक दाबून धरला, खाली उतरून चाकांना दगड लावले. काटा अजून रेघेवरच होता. मला वाटलं, दुसरं काहीतरी बिघडलं. फिल्टर असेल, पाइप असेल. मी मोठ्याने एकेक शक्यता सांगत होते. ते पलंगावर उठून बसले होते. त्यांनी काट्याकडे बघितलं, मग पुढे चढलेल्या रस्त्याकडे.

"डिझेल नाहीये," ते म्हणाले. "गाडी उताराला लावून मोजलं आपण."

मला लगेच उमगलं नाही. मग त्यांनी सांगितलं, एकेक शब्द तोडून, शिकाऊ पोराला सांगावं तसं. फ्लोट टाकीच्या मागच्या अंगाला. इंजिनाला जाणारा पाइप पुढच्या अंगाला. अंगणात गाडीचं तोंड खाली होतं, डिझेल पुढे धावलेलं, मागचा फ्लोट खाली. त्या खालच्या काट्यावर आपण रेघा मारल्या. काल रात्री रस्त्यावर चढाला लावली, तोंड वर झालं, डिझेल मागे गेलं, फ्लोट उचलला, काटा दुप्पट दाखवायला लागला आणि पुढचा पाइप कोरडा. डेपोत कुठलंही माप सपाट फरशीवर घ्यायचे. इथे पाड्यावर सपाट जागाच नाही, आणि ती हवी हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

"माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं," ते म्हणाले.

एक जीप थांबली. जव्हारच्या वांगणीकडची माणसं कामाला नाशिकला चालली होती, द्राक्षाच्या बागांवर. बायका, बोचकी, वर टपावर माणसं. सगळे उतरले. ह्यांनीच सांगितलं काय करायचं ते. गाडी ढकलून, मागेपुढे करून, तोंड उताराला फिरवायचं. तोंड खाली झालं की उरलेलं डिझेल पुढे येईल. माणसांनी ढकललं. मग हे उतरले, उजव्या हाताने छोटा पंप दाबून पाइपातली हवा काढली, दोनदा थांबून, बंपरला टेकून. एकजण म्हणाला, बाबा, तुम्ही बसा ना, मी करतो. ह्यांनी नुसता हात हलवला. गाडी चालू झाली.

चालू झाली, पण तोंड घराकडे होतं. तेवढ्या डिझेलवर ती फक्त उतरणार होती. आम्ही मोखाड्याला परत आलो. पंपावर मी टाकी काठोकाठ भरली, वास आला तर आला. ते मागून म्हणाले, "आता घरी चल."

मी म्हटलं, केंद्रात फोन केलाय, ते थांबणार आहेत. ते थांबणार आहेत असं कोणी म्हटलं नव्हतं, येऊन बघा म्हटलं होतं. मी गाडी पुन्हा घाटाकडे वळवली. नाशिकला पोचलो. त्यांच्या खुर्चीवर तोवर दुसरा पेशंट बसवलेला होता. दुपार उलटून गेल्यावर एक मशीन मोकळं झालं आणि निम्म्या वेळात आटोपतं घेतलं. येताना ते भिंतीकडे तोंड करून निजले होते. मी मनात पुढची यादी करत होते. गाडी सपाटीवर उभी करून नव्या रेघा. चांगलं गॅसकेट. एक भरलेला कॅन कायम मागे.

पुढच्या फेरीच्या दिवशी मी पहाटे गाडी चालू केली, पडदे सारले, गादी झटकली. ते बाहेर आले नाहीत. दीर दारातून आले आणि खिडकीशी उभे राहिले.

"वहिनी, दादा येत नाय बोलतोय."

मी इंजिन बंद न करता आत गेले. ते भिंतीला टेकून बसले होते, अंगावर घोंगडी. मी म्हटलं, काटा दुरुस्त करू, ते काम माझ्यावर. अट तुमचीच होती.

"काट्याचं काही नाही गं," ते म्हणाले. "मी दमलोय. हे तुला कधी सांगता आलं नाही. मी बोललो की तू सोय करायचीस. जीप नको म्हटलं, तू बस आणलीस. म्हणून काट्याचं निमित्त केलं. म्हटलं, हे तरी तुला जमणार नाही."

"आणि मग स्वतःच बसून रेघा मारल्या तुम्ही?"

"काम समोर आलं, हात थांबत नाहीत." ते थोडे हसले. मग म्हणाले, "त्या दिवशी घाटात तू सगळं सांगत होतीस, फिल्टर, पाइप. मला वाटलं, ही अशीच मला ओढत राहील आणि एक दिवस मी त्या रस्त्यावरच जाईन. घरी जाऊ दे मला."

दीर उंबऱ्याशी खाली बसले होते. बाहेर गाडीची घरघर चालू होती. मी बराच वेळ काही सुचतंय का ते बघत होते. दुसरं केंद्र, दुसरी वेळ, भाड्याची खोली नाशिकला. एकेक मनात आलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी ते बोलले नाही. मग बाहेर जाऊन इंजिन बंद केलं.

रेंजसाठी वरच्या रस्त्यापर्यंत चढून गेले आणि केंद्रात फोन लावला. तिथल्या मुलीला सांगितलं, आम्ही येणार नाही, ती वेळ दुसऱ्या कोणाला द्या. तिने विचारलं, आजच्यापुरती का? मी म्हटलं, नाही. तिने त्यांच्या नावाचा नंबर पुन्हा विचारून घेतला.

खाली आले तेव्हा त्यांनी पाणी मागितलं. आजार कळल्यापासून त्यांचं पाणी मी छोट्या पेल्याने मोजून देत होते, दिवसाला ठरलेले पेले, त्यावर घोटही नाही. उन्हाळ्यात ते ओल्या फडक्याने ओठ पुसायचे. मी पेला उचलला आणि पुन्हा ठेवला. मडक्यातून तांब्या भरून आणला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, डाव्या हातानेही, आणि न थांबता प्यायले.