न पेलणारी होडी

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालत होते. फोन खालच्या मजल्यावर, शेजाऱ्यांकडे. त्यांच्या सुनेनं जिन्यातूनच हाक मारली, "ताई, मढहून फोन आहे," आणि तिच्या आवाजावरूनच मला कळलं. पळी पातेल्यात ठेवली, हात धुतले, खाली गेले. वहिनीचा भाऊ बोलत होता. "काशिनाथ सकाळी गेला. येतेस ना?" एवढंच. मालाडला पोचेपर्यंत, तिथं मढच्या बसची वाट बघेपर्यंत मी रडले नाही. बस मार्व्याच्या बाजूनं वळली, खाडीचा आणि सुकत घातलेल्या बोंबलांचा वास खिडकीतून आत आला आणि मग मात्र... शेजारच्या बाईनं सरकून मला खिडकीशी टेकायला जागा करून दिली. त्या दिवसाला आता दीड महिना होत आला. दादाबद्दल लिहावं असं तेव्हापासून मनात आहे. लिहिण्यासारखं त्यानं काय केलं, असं कुणी विचारेल. त्यानं होड्या ओढल्या.

आम्ही दोघंच भावंडं. मढच्या वाडीत वडिलांची मासेमारीची होडी होती आणि काशिनाथदादानं ती पुढे चालवायची हे तो जन्मला तेव्हाच ठरलेलं. पण दादाला बोट लागायची, लाटांवर गेला की उलट्या व्हायच्या. कोळ्याच्या मुलाला बोट लागते हे बाहेर सांगायचीसुद्धा चोरी! वडिलांनी त्याला पुन्हा पुन्हा दर्यावर नेऊन बघितलं, आईनं अंगारे लावले, कुणीतरी सांगितलं म्हणून पोटाला ओलं फडकं बांधलं. काही उपयोग झाला नाही. तो जाळ्यांच्या ढिगाऱ्यावर पांढराफटक होऊन पडायचा आणि किनाऱ्याला पाय लागला की मान वर न करता घरी यायचा. पारावरची माणसं हसायची. "याला बाजारात बायकांच्या लायनीत बसवा," असं एकदा वडिलांच्या तोंडावर कुणी बोललं. वडील त्या रात्री जेवले नाहीत, आणि दादानं ते पाहिलं. त्यानंतर त्यानं होडीवर पाऊल ठेवलं नाही.

पुढे गावाबाहेरच्या एका बंगल्यावर तो गाड्या धुवायला राहिला. बंगला सिनेमाच्या शूटिंगला भाड्यानं जायचा, तिथं येणाऱ्या ड्रायव्हरांकडून तो चालवायला शिकला, आणि काही वर्षांनी लष्करानं लिलावात काढलेली एक जुनी जीप घेऊन तो वाडीत आला. तिला छप्पर नव्हतं, रंग पोपडे धरलेला, पण चारही चाकांना जोर. पावसात मासेमारी बंद असते; त्या वर्षी पावसाच्या आधी होड्या पाण्यातून वर घ्यायची वेळ आली. तोवर आमच्याकडे होडी वर घ्यायची म्हणजे वाळूवर फळ्या टाकायच्या, त्यांना तेल चोपडायचं आणि वीस-पंचवीस माणसांनी खांदा लावून आरोळ्या देत ती चढवायची. दादानं वडिलांच्या होडीला दोर बांधला, जीप पहिल्या गिअरमध्ये टाकली, आणि होडी फळ्यांवरून अशी सरसर वर आली की वडील हातातला टेकू तसाच धरून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "काशी, दामूची पन घे." वडिलांनी दादाला चारचौघांत काही काम सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. दादाचा चेहरा मला आजही दिसतो.

हा दामू, दामोदर, दादाचा जिवाभावाचा मित्र. दादाला बोट लागते म्हणून सगळे हसले, पण दामू हसला नव्हता. उंच, मोठ्या आवाजाचा, कायम घाईत असलेला माणूस. त्याची बायको हिराबाई आमच्या आईबरोबर बाजारात बसायची.

त्या वर्षापासून होड्या वर घ्यायचं काम दादाकडे आलं. मे महिन्याच्या अखेरीला त्याला घास घ्यायची फुरसत नसायची. "काशी, माझी कधी?" "काशी, उद्या सकाळी हां!" जे लोक त्याला बायकांत बसवायला निघाले होते तेच त्याच्यासाठी ताक घेऊन उभे राहायचे. त्याला नाही म्हणता यायचं नाही, आणि ते का, हे मला माहीत होतं. दर्यानं न दिलेली जागा त्या जीपनं त्याला दिली होती. पुढे होड्या बदलू लागल्या. शिडाच्या होड्या गेल्या, डिझेल इंजिनं आली, होड्या रुंद झाल्या, उंच झाल्या, पोटात बर्फाचे कप्पे आले. जीप तीच राहिली. एकदा सुट्टीत मी गेले असताना त्यानं मला डॅशबोर्डवरची एक पत्र्याची पट्टी दाखवली. इंग्रजी अक्षरं होती, अर्धी रंगाखाली गेलेली. मी वाचून सांगितलं: या गाडीनं किती वजन ओढावं ते लिहिलंय, याहून जास्त नको म्हणतात. त्यानं पट्टीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "बाय, आता येक पन होरी तेवढ्यात बसत नाय." आणि हसला. मीही हसले. गाडी ओढत होती, तेव्हा पट्टीचं कोण ऐकतंय?

क्लच जळल्याचा वास यायचा. पुढची चाकं वाळूवरून उचलली जायची, तेव्हा पोरं टाळ्या वाजवायची आणि वहिनी तोंड फिरवायची. दादा पुढच्या बंपरवर दगड बांधायचा, दोन माणसं बॉनेटवर बसवायचा आणि ओढायचा.

ज्या मे महिन्यात ते घडलं तेव्हा मी मुलांना घेऊन माहेरी होते. दामूनं नवी होडी बांधली होती, वाडीतली सगळ्यांत मोठी. पश्चिमेला ढग भरून आले होते, वारा फिरला होता, आणि अजून बऱ्याच होड्या पाण्यात होत्या. दादानं दामूच्या होडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "दामू, इंजिन उतरव. जाली पन खाली घे. ही गारी एवढा नाय खेचनार."

"दर वर्साला असाच बोलतंस नि खेचतंस," दामू म्हणाला. "इंजिन उतरवायचा म्हंजे अख्खा दिवस गेला. वर बघ काय आलाय ते! चल रे, टाइमपास नको."

"अरे, दोर पन जुना हाय..."

"काशी, घाबरलास काय?"

दामू थट्टेनंच बोलला होता. पण मागं होड्यांचे मालक रांगेनं उभे होते, आणि ते हसले. दादानं त्यांच्याकडे बघितलं. मग वाकला आणि तारेचा दोर जीपच्या मागच्या आकड्यात अडकवला.

होडी निम्मी वर आली. जीपची पुढची चाकं उचलली गेली, बॉनेटवरच्या माणसांनी उड्या टाकल्या, इंजिन रडल्यासारखं ओरडलं... आणि दोर तुटला. तो आवाज मी कुणाला सांगू शकत नाही. होडी तेलकट फळ्यांवरून मागं घसरली आणि एका कुशीवर कलली. त्या कुशीला दामूनं खांदा लावला होता. सगळ्यांनी मिळून त्याला बाहेर काढलं तेव्हा तो शुद्धीवर होता, हिराबाईचं नाव घेत होता. दवाखाना मालाडला, आणि वाडीत गाडी एकच. दादानं त्याच जीपमधून त्याला नेलं. हिराबाई मागं दामूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. परत येताना ती एकटीच मागं होती.

पोलीस आले, पंचनामा झाला, अपघात म्हणून लिहिलं गेलं. वाडीतल्या एकाही माणसानं दादाला बोल लावला नाही. दामूचं नशीब, दुसरं काय, असं सगळे म्हणाले. जे रांगेत उभे राहून हसले होते तेसुद्धा आले, दादाच्या पाठीवर हात ठेवून गेले. दादा ओसरीवर बसून राहायचा. एकदा मी चहा दिला तर कप तसाच धरून म्हणाला, "बाय, कोनीतरी मना शिवी तरी द्या गं. मना ठावं होता. मी ठावं असून दोर लावला." मी त्याच्या हातातला कप काढून घेतला.

वर्षभर जीप माडाखाली उभी होती. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायच्या. दादा बंगल्यांवर माळीकाम करायला जाऊ लागला आणि घर वहिनीच्या मासळीच्या पाटीवर चाललं. मग पुन्हा मे आला आणि एका सकाळी हिराबाई आमच्या दारात उभी राहिली. दामूची होडी तिचा दीर चालवत होता. ती वर घ्यायला कुणी तयार नव्हतं. माणूस खाल्लेली होडी म्हणून लोक तिला हात लावायला भ्यायचे. वहिनी उठून उभी राहिली. हिराबाई आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच दादाला म्हणाली, "होरी पान्यात हाय. पावसात कुजून गेली तर मंग तो कशापायी मेला? ऊठ."

दादा उठला. पण आधी त्यानं होडी रिकामी करायला लावली. इंजिन, नांगर, जाळी, बर्फाच्या कप्प्यांच्या फळ्या, तोल राखायला तळात ठेवलेले दगड, चूलसुद्धा. इंजिन उतरवायला दुसरा दिवस उजाडला. हिराबाई स्वतः जाळ्यांच्या पाट्या डोक्यावरून वाहत होती. लोक लांबून बघत होते, कुणी पुढं आलं नाही. सगळं वाळूवर आल्यावर दादानं नवा दोर लावला, सगळ्यांना लांब उभं केलं, आणि स्टेअरिंगवर बसून राहिला. जीप सुरू, पण हलेना. शेवटी हिराबाई म्हणाली, "खेच." तेव्हा त्यानं ओढली.

त्यानंतर दादा प्रत्येकाला हेच सांगू लागला. आधी होडी रिकामी करा, मग बघू. लोकांना एवढा धीर कुठला? एक-दोन वर्षं कुरकुर केली, मग कुणीतरी बाहेरून ट्रॅक्टर आणला. भरल्या होड्या तासात वर येऊ लागल्या. "काशीची वाट लागली यार," पोरं म्हणायची. दादाला ते ऐकू यायचं. मे महिन्यात त्याच्याकडे एकच होडी उरली, हिराबाईची. दोघं एकमेकांशी बोलायची नाहीत. तो सकाळी जीप घेऊन जायचा, ती होडी रिकामी करून घ्यायची, "खेच" म्हणायची, तो ओढायचा आणि घरी यायचा. त्या दिवशी तो जेवायचा नाही.

गेल्या माघात एका हळदीला तो भेटला तेव्हा डोळे पिवळे दिसले. "उन्हानं," म्हणाला. कावीळ अंगात किती मुरली होती ते दवाखान्यात कळलं, तेव्हा उशीर झाला होता. मी शेवटची भेटायला गेले त्या दुपारी त्यानं मुलांची चौकशी केली, वहिनीला जड पाटी उचलू देऊ नको म्हणाला. मग बराच वेळ डोळे मिटून पडला. मला वाटलं झोपला. डोळे न उघडताच म्हणाला, "हिराबायची होरी यंदा कोन खेचंल?"

म्हणून मी गेल्या आठवड्यात मढला गेले. हिराबाईनं ट्रॅक्टर सांगितला होता. तो आला तेव्हा तिची माणसं इंजिन उतरवत होती. ट्रॅक्टरवाला हसला. "काकी, कशाला एवढा खटाटोप? भरलेली दे, झकास वर येईल." हिराबाईनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, जाळ्याची पाटी डोक्यावर घेतली. मीही पदर खोचला आणि दुसरी पाटी उचलली. वाळूत तिच्या मागं चालता चालता मी म्हटलं, "हिराबाय, दादा शेवटपर्यंत तुमच्या होडीचं विचारत होता."

ती थांबली. डोक्यावरची पाटी तिनं खाली ठेवली.

"तुना खोटा नाय सांगनार, बाय," ती म्हणाली. "मी त्याला माफ नाय केला. कधीच नाय. तो दर वर्साला यायचा, मान खाली घालून बसायचा, नि मी बोलेपर्यंत हलायचा नाय. मना वाटायचा, बरा झाला, बस असाच." तिनं तोंडावरून हात फिरवला. "आता मी राग कोनावर धरू?"

मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. हिराबाईनं पाटी पुन्हा डोक्यावर घेतली. पाट्या वर वाळूत ठेवून आम्ही दोघी राहिलेलं सामान आणायला होडीकडे निघालो.