सतरा दिवसांसाठी

२० फेब्रुवारी २०२०, गुरुवार. रक्कम सहाशे बारा कुवेती दिनार चारशे फिल्स. हजर मी, माझी बायको, आमची मुलगी आणि मनी एक्स्चेंजच्या काचेमागचा कारकून. अमेरिकेतल्या दोन हॉस्पिटलांना प्रत्येकी एक हजार डॉलर फी पाठवायची होती. कारकुनाने पावती काचेखालून सरकवली आणि विचारलं, "ट्रीटमेंट का?" मुलगी म्हणाली, "नाही, काम करायला." तो म्हणाला, "मग पैसे त्यांनी द्यायला पाहिजेत." आम्ही तिघंही हसलो. त्या वसंतात आम्ही तिघं एकत्र हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

मुलगी भारतात एमबीबीएसला होती. शेवटची परीक्षा जानेवारीच्या अगदी शेवटी संपली होती. पुढचं शिक्षण, ज्याला तिकडे रेसिडेन्सी म्हणतात, ते तिला अमेरिकेत करायचं होतं. त्यासाठी लागणारे गुण तिच्याकडे होते. पण परदेशी कॉलेजातल्या मुलांकडून आणखी एक गोष्ट अपेक्षित असते: तिथल्या हॉस्पिटलात काही आठवडे केलेलं काम आणि तिथल्या डॉक्टरांच्या सहीचं शिफारसपत्र. आणि हे काम विद्यार्थी असेपर्यंतच करता येतं. इंटर्नशिप संपून डिग्री हातात आली की वॉर्डात बाजूला उभं राहून बघायला मिळतं, पेशंटला हात लावायला नाही. चार-चार आठवड्यांच्या दोन जागा मिळवायला तिने वर्षभर पत्रं लिहिली होती. इंटर्नशिप उशिरा सुरू करायची कॉलेजची परवानगीही आणली होती.

त्या जागांसाठी तिला दोन तारखा देऊ केल्या होत्या: तीन फेब्रुवारी किंवा सहा एप्रिल. सहा एप्रिल मी निवडली. इथे कुवेतमध्ये राहणाऱ्याला त्याचं कारण लगेच कळेल, बाकीच्यांना सांगावं लागेल.

मुलीचा इथला रहिवास, म्हणजे इकामा, माझ्या नावावर होता. सलग सहा महिने देशाबाहेर राहिलं की तो आपोआप रद्द होतो. म्हणून बाहेर शिकणारी इथली मुलं दर सहा महिन्यांनी आठ-दहा दिवस घरी येऊन जातात. आमच्या घरात त्याला हजेरी म्हणायचे. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर मी तिच्या एकशे सत्तराव्या दिवसाला लाल गोल करत असे. साडेचार वर्षांत तिने नऊ हजेऱ्या दिल्या, त्यातल्या दोन तापात. इकामा गेला तर एवढ्या मोठ्या मुलीचा नवा मिळणं कठीण होतं, आणि आमचं घर तर इथेच, कुवेतच्या अब्बासिया भागात होतं. गावाकडे कुलूपबंद दोन खोल्या होत्या, त्याला घर म्हणत नाहीत.

ती कुवेतहून शेवटची निघाली होती १० सप्टेंबरला. म्हणजे १० मार्चच्या आत परत यायला हवं. फेब्रुवारीची तारीख घेतली असती तर अमेरिकेतलं काम २७ मार्चला संपलं असतं. परीक्षा आणि तीन फेब्रुवारी यांच्यामध्ये हजेरीला वेळ नव्हता, आणि सतरा दिवस जास्त होत होते.

खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडचे एक गृहस्थ राहतात. त्यांचं टायपिंगचं दुकान आहे, सरकारी अर्ज अरबीत भरून देतात. मी डिसेंबरात त्यांच्याकडे गेलो होतो.

"विद्यार्थ्यांना सूट मिळते, भाऊ," ते म्हणाले. "कॉलेजचं पत्र आणा, अर्ज टाकू."

"आणि नाही मंजूर झाला तर?"

"नाही झाला तर नाही झाला. पोरगी डॉक्टर होऊन येईल. डॉक्टरला कुठला देश नाही म्हणतो?"

"हमी काय?"

"हमी मागायची तर बँकेत जा. इथे फक्त अर्ज मिळतो." मग हसून म्हणाले, "तुम्ही शिक्क्याची पूजा करणारे. तुम्हाला माणसाचं बोलणं पुरत नाही."

मी घरी आलो आणि मुलीला फोन केला. म्हणालो, एप्रिल घे. ती मग म्हणाली, "बाबा, आधीची तारीख हातातली आहे. नंतरची म्हणजे नुसतं शेड्यूल." मी म्हणालो, दोन महिन्यांत काय होणार आहे.

तिने एप्रिल घेतली. फेब्रुवारीत ती घरी आली, माझ्या लाल गोलाच्या तेरा दिवस आधी. पैसे भरले त्या आठवड्यात चीनबद्दलच्या बातम्या रोज होत्या. पुढच्या सोमवारी कुवेतमध्ये पहिले रुग्ण सापडले. राष्ट्रीय दिनाचे कार्यक्रम रद्द झाले. ऑफिसात कुणीतरी दाराशी हात धुवायची बाटली ठेवली. मी मुलीची बॅग वजनकाट्यावर ठेवली, एकवीस किलो भरली. बायको म्हणाली, "अहो, इतक्या लवकर कशाला भरताय?" मी म्हणालो, दोन किलो अजून बसतील.

मार्चच्या मध्यावर विमानतळ बंद झाला. तरी मी सांगत होतो की सहा एप्रिलला अवकाश आहे. सोळा मार्चला, सोमवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला, तिकडे ऑफिस उघडायच्या वेळी पहिलं ईमेल आलं. मुलगी स्वयंपाकघरात पोळ्या शेकत होती. तिने फोन ओट्यावर ठेवला, तव्यावरची पोळी उलटली, आणि मग वाचून दाखवलं. बाहेरून येणारे विद्यार्थी पुढील सूचना मिळेपर्यंत घेणार नाही. दोन दिवसांनी दुसऱ्या हॉस्पिटलाचंही आलं, जवळपास त्याच शब्दांत.

"पुढील सूचना म्हणजे कधी?" बायकोने विचारलं.

"त्यांनाही माहीत नाही, आई."

सहा एप्रिल उजाडला तेव्हा ती आमच्याकडेच होती. त्याच आठवड्यात अब्बासियाचा सगळा भाग बंद केला. रस्त्यांच्या तोंडाशी काटेरी तारा आणि पोलिसांच्या गाड्या आल्या. कंपनीची बस येईना. गच्चीवरून कुंपणापलीकडचा रस्ता दिसायचा, रिकामा. आमच्या इमारतीत दहा-दहा माणसांच्या खोल्या आहेत, गावाकडून कंत्राटावर आलेल्या एकट्या पुरुषांच्या. त्यातल्या कुणाला खोकला आला की जिन्यात सगळे थांबून ऐकत. मुलगी मास्क लावून खाली जाऊन त्यांचा ताप मोजून यायची. बायको तिला दारातच थांबवून आंघोळीला पाठवायची. मी एका कागदावर त्या खोल्यांचे नंबर आणि तापाचे आकडे लिहून ठेवत होतो. ती म्हणाली, "बाबा, हे काम कोणी धरणार नाही. याचं पत्र कोण देणार?" ती थट्टेत बोलली होती. मी लिहिणं थांबवलं.

जुलैच्या शेवटी तिला भारतात नेणाऱ्या खास विमानात जागा मिळाली. इंटर्नशिप ऑगस्टात सुरू झाली आणि पुढच्या ऑगस्टात संपली. तेवढ्या काळात त्या दोन्ही हॉस्पिटलांनी बाहेरचे विद्यार्थी घेतले नाहीत. एकाने हजार डॉलर परत केले. दुसऱ्याने लिहिलं की रक्कम पुढच्या तारखेसाठी राखून ठेवली आहे. ती पुढची तारीख यायच्या आत मुलगी डॉक्टर झाली, आणि त्यांच्याच नियमाप्रमाणे ती रक्कम बुडाली.

आणखी एक नोंद करायला हवी. त्या वर्षी सरकारने सहा महिन्यांचा नियमच तात्पुरता थांबवला. जे बाहेर अडकले होते त्यांचे इकामे शाबूत राहिले. फेब्रुवारीत ती अमेरिकेला गेली असती तर तिचाही राहिला असता. हे मला खालच्या टायपिंगवाल्यांनी जिन्यात सांगितलं. एका वाक्यात सांगितलं आणि पिशवी उचलून वर गेले, त्यांचा मजला खाली असून.

तिच्या वर्गातली पुण्याची एक मैत्रीण फेब्रुवारीत गेली होती. पहिले चार आठवडे तिचे पूर्ण झाले, दुसरे अर्ध्यावर सुटले. ती एक पत्र घेऊन परतली.

मुलीने शहाण्णव ठिकाणी अर्ज केला. तिची तिन्ही पत्रं तिच्याच कॉलेजातल्या प्राध्यापकांची होती. काही ठिकाणी अटीतच लिहिलेलं असतं की अमेरिकेतला अनुभव हवा. तिथे अर्ज करू नकोस, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "मग उरतात किती ते मोजा." मी मोजले. पुन्हा म्हणालो नाही. मैत्रिणीला सात मुलाखती आल्या, हिला एक. एका पत्रानेच सगळं झालं असं मी म्हणणार नाही. दोघींचे गुणही थोडे वेगळे होते. मी फक्त सात आणि एक लिहितो.

ती एक मुलाखत लॅपटॉपवर झाली. मुलगी तेव्हा भारतात होती, नंतर तिने आम्हाला फोनवर सांगितलं. समोरच्या डॉक्टरांनी विचारलं, आमच्या देशात पेशंटबरोबर काम केलंय का? तिने घडलेलं सांगितलं. ते म्हणाले, त्या वर्षी सगळ्यांचंच हुकलं, आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले.

"खरंच आहे ना ते," मी म्हणालो.

"सगळ्यांचं नाही, बाबा. तिथल्या मुलांना त्यांच्या कॉलेजचं हॉस्पिटल असतं. आमच्यासारख्यांचं हुकलं." मग तिने विचारलं, "किती दिवस जास्त होत होते? सतरा ना?"

"सतरा."

"हं," ती म्हणाली, आणि आईला फोन द्यायला सांगितलं.

मार्चमध्ये निकाल आला. तिला जागा मिळाली नव्हती. पुढच्या वर्षी अर्ज करायचा की नाही यावर आमच्याकडे चर्चा झाली नाही. तिने भारतातली परीक्षा दिली आणि महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी एमडी मेडिसिनला लागली. आठवड्याला किती तास काम करते ते मी विचारतो, ती सांगत नाही. तोवर सहा महिन्यांचा नियम परत आला होता. पहिल्या वर्षाला सुट्टी मिळत नाही. मी कॅलेंडरवर लाल गोल केला होता. तो दिवस आला, त्यानंतर दोन आठवडे गेले, आणि तिचा इकामा रद्द झाला. बायकोने महिना संपायच्या आधीच ते पान फाडलं.

गेल्या वर्षी तिला बारा दिवसांची सुट्टी मिळाली. स्वतःच्या घरी यायला तिला भेटीचा व्हिसा लागला. अर्ज खालच्या टायपिंगवाल्यांनीच भरला. नातं या रकान्यात त्यांनी मुलगी असं लिहिलं. मुक्काम किती दिवस, हे त्यांनी मला विचारलं. मी बारा सांगितलं.

शेवटी भरले ते असे: तीन दिनार पासपोर्ट खात्याला, आणि एक दिनार टायपिंगचा, खालच्या शेजाऱ्यांना. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडून टायपिंगचे पैसे कधी घेतले नव्हते. त्या दिवशी मी दिनार पुढे केला, तो त्यांनी घेतला, गल्ल्यात टाकला आणि शिक्का मारून मला पावती दिली.